हातवाली खुर्ची

आमच्या घरात एक खुर्ची आहे. नवीन माणूस आलं की नेमकं तिच्याकडेच वळतं, कारण दिसायला ती घरातली सगळ्यांत रुबाबदार. पाठ उंच, हातांना छान गोलाई, वर निळ्या मखमलीची गादी. आतून नात ओरडते, "आजोबा, ते बसतायत, बसतायत!" तोवर उशीर झालेला असतो. पाहुणा टेकतो, ऐटीत आपला उजवा हात खुर्चीच्या हातावर ठेवतो आणि खुर्चीचा हात सुटून धाडकन खाली पडतो. पाहुणा ओशाळतो. नात उशीत तोंड खुपसून हसते. मी तो हात उचलतो, खाचेत बसवतो आणि म्हणतो, "तुमचं काही चुकलं नाही. ती तशीच बनवलीय. मीच बनवलीय."

यावर लोक माझ्याकडे जरा वेगळ्याच नजरेनं बघतात. जन्मभर सुतारकाम केलेल्या माणसानं असं छातीठोक सांगावं, हे त्यांना पटत नाही. मग सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं.

मी कुलपांच्या कंपनीत सुतार होतो. कुलपं बनायची लांबच्या कारखान्यात. मी होतो मुख्य कचेरीत. तीन मजली इमारत, मागे फरशीचं आवार आणि आवाराच्या टोकाला पत्र्याची शेड. ती माझी. कचेरीत सुताराला एवढं काय काम, असं कुणालाही वाटेल. काम होतं खुर्च्यांचं.

त्या कंपनीत माणसाची किंमत तो कशावर बसतो त्यावर ठरायची. शिपायाला स्टूल. कारकुनाला साधी लाकडी खुर्ची, बिनहाताची. जुन्या कारकुनाला वेताच्या बैठकीची, पण तीही बिनहाताचीच. विभागप्रमुख झाला की हातवाली. त्याच्या वरच्यांना गोल फिरणारी. आणि सगळ्यांत वर मोठ्या साहेबांची, जिची पाठ साहेबांच्या डोक्याहून वीतभर उंच. साहेब तिच्यात बसले की मागून खुर्ची रिकामीच वाटायची. पुढून बघितलं तरी फार फरक पडत नाही, असं आमच्या टेलिफोनबाई म्हणायच्या. पण हळू म्हणायच्या.

बढती मिळाली असं कुणी म्हणायचंच नाही. "अमक्याला हात फुटले," असं म्हणायचे.

आणि गंमत अशी, की बढतीचा हुकूम निघायच्या आधी खुर्चीची ऑर्डर माझ्याकडे यायची. माणूस वर जाणार म्हणजे खुर्ची तयार हवी, पॉलिश वाळलेलं हवं. कोण जाणार ते मला कुणी सांगत नसे, पण कुणीतरी जाणार हे मला सगळ्यांच्या आधी कळायचं. हे अख्ख्या कचेरीला ठाऊक होतं. त्यामुळे माझ्या शेडमध्ये सदानकदा वर्दळ. कुणाला पेन्सिलीला टोक करून हवं असायचं, कुणाच्या चपलेचा खिळा वर आलेला असायचा, कुणी "सहज" यायचा. तोंड माझ्याकडे आणि डोळे कोपऱ्यात. माझं उत्तर ठरलेलं होतं: "जुनीच आहे, दुरुस्तीला आलीय." त्यावर आजवर कुणी विश्वास ठेवला नव्हता.

या कंपनीत मला चिकटवलं ते माझ्या मेहुण्यानं, म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या भावानं. त्यांची आई लवकर गेली, तेव्हा हिनंच त्याला कडेवर घेऊन वाढवलं. त्यात हिची शाळा सुटली आणि त्याची पार पडली. तो तिला अक्का म्हणायचा, म्हणून सगळी गल्ली तिला अक्का म्हणायला लागली. ती त्याला म्हणायची धाकट्या. त्याचे कानाजवळचे केस पिकले तरी धाकट्याच.

कचेरीत मात्र तो पेटीमास्तर. टपाल विभागात जुना कारकून होता. वेताची खुर्ची, हात नाहीत. पाकिटांवर शिक्के मारायचा तेसुद्धा ठेक्यात. त्याची पेटी टपालाच्या कपाटामागे झाकून ठेवलेली असायची, आणि जेवणाच्या सुट्टीत तो ती बगलेत मारून माझ्या शेडमध्ये यायचा, कारण कचेरीत गाण्याला बंदी होती आणि माझ्या शेडमध्ये करवतीचा आवाज असतोच, त्यात सगळं खपून जायचं. "दाजी, जरा रंधा मारा हो जोरात," म्हणायचा आणि त्या आवाजाच्या आडून नवीन चाल बसवायचा. कशावरही गाणं रचायचा. रजेच्या अर्जावर रचलं, संपलेल्या शाईवर रचलं. एकदा तर माझ्या सरसाच्या डब्यावर रचलं. ते अजून पाठ आहे, पण बायामाणसांत म्हणण्यासारखं नाही.

त्या वर्षी मोठे साहेब नवे आले होते. त्यांनी फर्मान काढलं, की वर्धापनदिनाला नुसती भाषणं नकोत, कर्मचाऱ्यांचे सुप्त गुण दिसले पाहिजेत. भाषणं कमी झाली नाहीत; त्यांत गुणांची भर पडली. आणि गुण म्हटल्यावर सगळ्यांनी पेटीमास्तरकडे बघितलं.

त्यानं संगीत नाटक लिहिलं. नाव ठेवलं 'चढा, चढा, मागे बघू नका'. एक साधा कारकून शिडी चढतो, एवढीच गोष्ट. खरीखुरी शिडी, मी बनवलेली, रुंद पायऱ्यांची, वरती फळ्यांचा माचा. दर पायरीला एक गाणं, आणि दर पायरीला कारकून काहीतरी खाली टाकतो. आधी डबा, म्हणजे डब्याला सोबत बसणारे मित्र. मग घड्याळ. मग स्वतःचं हसू. कारण त्या पायरीच्या पुढे साहेब हसल्याशिवाय हसायचं नाही. कारकुनाचं काम मास्तरचं स्वतःचंच. साहेबाचं काम टेलिफोनबाईंचं, मिशी लावून. कचेरीच्या टेलिफोनच्या फळीवर त्या वर्षानुवर्षं बसलेल्या. वरपासून खालपर्यंत सगळ्यांचे आवाज त्यांच्या घशात होते. मोठ्या साहेबांच्या आवाजात त्यांनी एकदा "कोण आहे रे तिकडे?" म्हटलं, तर कॅशियर हातातला डबा टाकून उभा राहिला. नाटक बसवायचंही त्यांनीच.

किती मजेचे दिवस होते ते! दुपारी शेडमध्ये भुशाचा आणि पॉलिशचा वास, पत्र्यातून उन्हाच्या तिरिपी, आणि त्यात टायपिस्ट पोरी हातात फायली घेऊन ओळीनं नाचतायत. कॅशियर पॉलिशचा रिकामा डबा मांडीत धरून ताल देतोय. एरवी हा माणूस कुणाला सुटे देताना हसायचा नाही. अक्का आम्हा दोघांचा डबा घेऊन यायची ती परत जायची नाही, फळ्यांच्या ढिगावर बसून ऐकत राहायची. अक्षर तिला येत नव्हतं, तेव्हा मलाही येत नव्हतं. पण महिन्याभरात सगळं नाटक तिला पाठ. घरी भांडी घासताना चालायचं तिचं,

*"साहेब म्हणाले, रात्र आहे, आम्ही दिवे लावले,*
*साहेब म्हणाले, दिवस आहे, तेच दिवे विझवले.*
*साहेब म्हणाले, ऊन फार, आम्ही छत्री धरली,*
*छत्री गेली साहेबांसंगे, टाळू आमची भाजली!"*

आता शेवट. नाटकात कारकून वर पोचतो, खुर्चीत बसतो आणि पडदा पडतो. टेलिफोनबाईंना तो शेवट बेचव वाटायचा. एक दिवस सगळे गेल्यावर त्या मागे थांबल्या.

"मिस्त्री, एक खुर्ची करायचीय. हुबेहूब हातवाली. विभागप्रमुखाला देतात तशी. फक्त ती मोडली पाहिजे."

"मोडकी देऊ का एखादी?"

"मोडकी नको. मोडणारी. मागून दोरी ओढली की आधी उजवा हात, मग डावा, मग पाठ. तो गातोय आणि खुर्ची एकेक करून सुटतेय. जमेल?"

"न जमायला काय झालं? खुंट्या सैल ठेवायच्या. मास्तरला सांगितलंत?"

"त्याला आत्ताच सांगितलं तर तो आठवडाभर वाद घालेल. कानामात्रा बदलली तरी रुसतो तो. खुर्ची नीट मोडतेय असं दिसलं की रंगीत तालमीला दाखवते. तोवर तुम्ही गप्प. शब्द द्या."

मी शब्द दिला. त्यात देण्यासारखं काही वाटलंच नाही.

खुर्ची मी जीव लावून केली. मजबूत खुर्ची कुणीही करेल. योग्य वेळी मोडणारी करून बघा. लाकूड चांगलं घेतलं, दोन हात पॉलिश दिलं आणि वाळायला कोपऱ्यात ठेवली.

नेमका त्याच आठवड्यात टपाल विभागाचा प्रमुख निवृत्त झाला.

दुसऱ्या दिवशी पेन्सिलीला टोक करायला एवढी माणसं आली, की मला वाटलं कचेरीतल्या सगळ्या पेन्सिली एकदम बोथट झाल्या. "नवी दिसतेय." "दुरुस्तीला आलीय." "हो हो, दुरुस्तीला!" असं म्हणून डोळा मारायचे. मी म्हटलं, "नाटकाची आहे," तर कॅशियर पोट धरून हसला. "मिस्त्री, यावेळी नवीन थाप शोधलीत!" खरं बोललं की कुणी ऐकत नाही, हे मी तिथं शिकलो. संध्याकाळपर्यंत ठरून गेलं: टपालात सगळ्यांत जुना कोण, तर पेटीमास्तर. पेटीमास्तरला हात फुटणार.

तो तिसऱ्या दिवशी आला. पेटी आणली नव्हती. खुर्चीजवळ गेला, हातावरून तळवा फिरवला. उजव्या हातावरून. मी रंधा टाकून पुढे झालो, सुटला तर!

"दाजी, लाकूड चांगलं निवडलंत."

"मास्तर, ऐका. ही खुर्ची—"

"काही सांगू नका." त्यानं कानांवर हात ठेवले. "तुमची नोकरी आहे. माझ्यापायी तुम्ही नियम मोडलेले मला चालायचे नाहीत."

"अहो, नियम कुठला? ही तशी नाहीच—"

"दाजी!" तो हसला. त्याचं ते हसू मला आजही दिसतं. नव्या चपला मिळालेल्या पोराचं असतं तसं. "तुम्ही काही बोलला नाहीत, मी काही ऐकलं नाही. बस्स."

आणि गेला.

मी टेलिफोनबाईंना गाठलं. त्यांनी कपाळावर हात मारला. "चार दिवसांत रंगीत तालीम आहे. तिथं दाखवते, सगळे हसतील, तोही हसेल. मधेच सांगितलंत तर तोंड पाडून बसेल, नाटक बुडेल."

पण नाटक बुडायला तेव्हाच लागलं होतं. मास्तर तालमीला आला तो हातात खोडरबर घेऊन. छत्रीचं कडवं काढलं. का, तर "लांबण लागते." दिव्यांच्या ओळीत साहेब म्हणाले होतं, तिथं शेजारी म्हणाले असं केलं. शिडीवरून हसू टाकायचा प्रसंग गेला. आणि शेवटचं गाणं, जे त्यानं सगळ्यांत आधी रचलं होतं आणि पहिल्यांदा ऐकवलं तेव्हा टायपिस्ट पोरी नाचायच्या थांबल्या होत्या, ते पूर्णच गेलं. त्या जागी नवीन आलं:

*"वर पोचलो, वर पोचलो, कृपा ही थोरांची,*
*अशीच राहो आम्हांवरती छाया साहेबांची!"*

कॅशियरनं डबा बाजूला ठेवला. बाईंनी मिशी काढली. "मास्तर, हे नाटक आहे की निरोपाचं मानपत्र?"

"बाई, पुढच्या रांगेत कोण बसणार आहे त्याचा विचार नको करायला?"

"तो विचार करूनच तर लिहिलं होतंस."

"तेव्हा मी लहान होतो," तो म्हणाला. तेव्हाला महिना झाला होता.

घरी वेगळीच गडबड. मी परतलो तर अक्का दारातल्या उजेडात बसून शिवत होती. तिच्याकडे एकच भारी कापड होतं, निळी मखमल, कशासाठी तरी जपून ठेवलेली. ती तिनं कापली होती.

"काय करतेस?"

"गादी. धाकट्याच्या खुर्चीला. टपालाच्या खोलीत गारठा असतो, त्याची कंबर धरते." सुई तोंडात धरून ती बोलत होती. "मला सगळं कळलंय हो. तुम्ही काय, शेवटपर्यंत सांगणार नव्हता!"

मग मात्र मी सांगितलं. बाईंना दिलेला शब्द मोडला. ती खुर्ची कुणाचीच नाही, ती मोडायची खुर्ची आहे, हे सगळं.

मला वाटलं रडेल. तिनं सुईत दोरा ओवला.

"तो शिट्टी वाजवत गेला हो सकाळी. किती वर्षांनी ऐकली मी त्याची शिट्टी."

"मी सांगू त्याला? की तू सांगतेस?"

"मीच सांगीन. थोरली आहे मी." पण ती उठली नाही, शिवतच राहिली.

"आता कशाला शिवतेस?"

"खुर्ची नसेल," ती म्हणाली, "पण कंबर तर आहे ना त्याची."

ती सांगायला गेली. दोनदा गेली. दोन्हीदा तिला बघून तो इतका खुलायचा, नवा कोट घालून दाखवायचा, "अक्का, आता तुला पुढच्या रांगेत बसवतो की नाही बघ," म्हणायचा, की ती मुकाट परत आली. "मला नाही जमलं," एवढंच म्हणाली. मीही मग तोंड उघडलं नाही. माझं ऐकलं तरी कुणी असतं?

राहिली रंगीत तालीम. ती झालीच नाही. मोठ्या साहेबांना भाषणाचा सराव करायचा होता, म्हणून त्यांनी सभागृह ठेवून घेतलं.

वर्धापनदिन उजाडला. सकाळी मी शिडी आणि माचा उभा केला, वर खुर्ची ठेवली, दोऱ्या मागे सोडल्या आणि खुर्चीवर चादर टाकली. "आता तरी सांगा त्याला," मी बाईंना म्हटलं. त्या खिडकीतून खाली बघत होत्या. खाली फाटकाशी मोठ्या साहेबांची गाडी आली होती आणि आमचा मास्तर नव्या कोटात फुलांचा गुच्छ घेऊन उभा होता. उभा कसला, वाकलेला. साहेब पुढे निघून गेले तरी त्याची मान वर येईना. गुच्छ त्याच्याच हातात राहिला होता.

"नाही सांगत," बाई म्हणाल्या. "आता त्याचं त्यालाच दिसू दे." आणि मिशी चिकटवायला आत गेल्या.

सभागृह भरलं. पुढे साहेबलोक, मग कर्मचारी, डाव्या बाजूला घरची माणसं. अक्का तिथं कडेला बसली होती, मांडीवर ती गादी. म्हणाली होती, असू दे, लागली तर. मी पडद्याआड दोरीपाशी.

नाटक सुरू झालं आणि कण्हत चाललं. दिवे शेजाऱ्यानं लावले, शेजाऱ्यानं विझवले. कुणाला काही कळेना. लोक खोकायला लागले. साहेबांनी घड्याळ बघितलं. मास्तर एकेक पायरी चढत होता, गोड गात होता, आणि गाणं संपलं की दर वेळी पहिल्या रांगेकडे बघत होता.

तो माच्यावर पोचला. बाई साहेबांच्या आवाजात गरजल्या, "ये! ही तुझी जागा!" आणि चादर ओढली.

मास्तरनं खुर्ची बघितली.

ती त्यानं लगेच ओळखली. कितीतरी वेळा तळवा फिरवला होता तिच्यावर. तो नुसता बघत राहिला. मग पुढे होऊन त्यानं उजव्या हातावर हात ठेवला, हळूच, शेडमध्ये ठेवायचा तसा, आणि मी दोरीला बोटही लावलं नव्हतं तरी तो हात सुटून त्याच्या हातात आला.

आधी सगळे हसले. मग मागून कुणीतरी ओरडलं, "अरे, ही तर सुताराच्या शेडमधली!" आणि दुसरंच हसू उठलं. ते आधीच्यासारखं नव्हतं. चार-पाच जण उभे राहून बोट दाखवायला लागले. इतके दिवस पोटात ठेवलेला हेवा सगळा बाहेर निघाला.

मास्तर हातात खुर्चीचा हात घेऊन उभा. मी पडद्याच्या फटीतून त्याचं तोंड बघत होतो. पुढे थोरांच्या कृपेचं कडवं होतं. पेटीवर बसलेला टपालातला पोरगेलासा कारकून सूर धरून थांबला होता. खरं सांगायचं तर अजूनही काही गेलं नव्हतं. टपालाची जागा रिकामीच होती, साहेब समोरच होते. ते कडवं गायलं असतं, लवून नमस्कार केला असता, तर कुणास ठाऊक, खरी खुर्चीही बनली असती. मीच बनवली असती.

त्यानं पहिल्या रांगेकडे बघितलं. मग हातातल्या त्या लाकडाकडे. आणि पेटीवाल्याला हातानं थांबवून तो नुसत्या गळ्यानं, हळू गायला लागला. जुनं. काढून टाकलेलं.

*"वर पोचलो, वर पोचलो, सांगू कुणाला बाई?*
*हाक मारली खाली वाकून, ओ कुणाची नाही..."*

त्या गाण्यात इथं थोडं थांबायचं असतं. तो थांबला.

आणि डावीकडून आवाज आला, "ओ!"

अक्का उभी होती. तिला कळलंही नसावं आपण उभ्या आहोत. "ओ! ही काय मी, धाकट्या! इथंच आहे!"

असं हसणं मी पुन्हा ऐकलं नाही. बायका हसता हसता डोळे पुसत होत्या. कॅशियरनं डबा पुन्हा मांडीत घेतला. मास्तर खाली बघून हसला, मोकळं, साहेबांच्या आधी. मग तो त्या एकहाती खुर्चीत ऐसपैस बसला आणि त्यानं छत्रीचं कडवं काढलं. दिवे साहेबांना परत दिले. मी दोरी ओढली, डावा हात गेला. त्यानं ते गाण्यात घेतलं. पाठ गेली, तर तो माच्यावर आडवा पडून पाय हलवत गायला. एकदा झालं, दुसऱ्यांदा झालं, तिसऱ्यांदा सगळं सभागृहच म्हणत होतं, छत्री गेली साहेबांसंगे.

आणि मोठे साहेब? सगळ्यांत जोरात तेच हसत होते. जाताना बाईंना म्हणाले, "वा! आमच्या हिशेबवाल्या साहेबांना काय अचूक पकडलंत!" हिशेबवाले साहेब जिन्यात कुणाला तरी सांगत होते, की मोठ्या साहेबांची अशी खोड कुणी मोडली नव्हती. प्रत्येकाला दुसरा दिसला. कुणाला काही लागलं नाही, कुणाचं काही बिघडलं नाही.

तरी पंधरवड्यानं माझ्याकडे ऑर्डर आली. हातवाली, एक नग. टपाल विभागासाठी. ती मिळाली ज्यानं त्या दिवशी साहेबांच्या भाषणाला माईक धरला होता त्याला. मास्तर शेडमध्ये आला, कोपऱ्यातल्या नव्या खुर्चीवरून तळवा फिरवला.

"दाजी, लाकूड चांगलं निवडलंत."

आणि तो हसायला लागला, मग मीही हसलो. त्यानं बगलेतली पेटी खाली ठेवली. "मारा रंधा," म्हणाला.

तो वेताच्या बिनहाती खुर्चीतूनच निवृत्त झाला. अक्काची निळी गादी होती तिच्यावर. त्याला वाईट वाटलं नाही असं मी म्हणणार नाही. नवा कोट त्यानं पुन्हा घातलेला मी बघितला नाही. पण त्यानंतर जेवणाच्या सुट्टीत तो शेडमध्ये जास्त बसायला लागला, आणि बसल्या बसल्या त्यानंच मला माझ्या पेन्सिलीनं फळीवर अक्षरं गिरवायला लावली. "दाजी, गाणी विसरायला होतात, लिहून ठेवत चला," म्हणायचा. मी रंधा मारून फळी पुसायचो, तो पुढचं अक्षर काढायचा.

कचेरी आता दुसरीकडे गेली. शेड पाडली. नाटकातली खुर्ची मी घरी आणली ती तेव्हाच. खुंट्या तशाच सैल ठेवल्या. अक्का जाऊन काही वर्षं झाली. गादी मास्तरनं आणून दिली, म्हणाला, इथंच राहू दे.

तो अजून येतो. काठी टेकत येतो आणि त्याच खुर्चीत बसतो. तिच्यात नीट बसता येणारा जगात तो एकटाच. अंग कुठं टाकायचं आणि कुठं नाही ते त्याला कळतं. नात पेटी पुढ्यात ठेवते. बोटं आता वळत नाहीत, आवाज चिरकतो, पण छत्री धरतो, दिवे लावतो, आणि शेवटी ते गाणं येतंच.

*"हाक मारली खाली वाकून, ओ कुणाची नाही..."*

इथं तो थांबतो. पूर्वी आतल्या खोलीतून, चुलीपुढून, अंगणातून, जिथं असेल तिथून अक्काचा आवाज यायचा. ती गेल्यावर तो पहिल्यांदा आला, तेव्हाही सवयीनं थांबला. थांबला आणि त्याला पुढे जाताच येईना. पेटीचा भाता तसाच उघडा राहिला. नात माझ्याकडे बघायला लागली.

मला गाता येत नाही. माझा आवाज करवतीसारखा आहे, हे तोच सगळ्यांना सांगत आलाय. पण कुणीतरी द्यायलाच हवा होता.

"ओ," मी म्हटलं.

त्यानं मान वर केली. "दाजी, बेसूर आहे हो," म्हणाला, आणि पुढचं कडवं उचललं.